वाऱ्याच्या बाजूची खोली

राहण्याची जागा कशी निवडावी यावर मी काही लिहावं, याचं मलाच थोडं हसू येतं. इंग्लंडला येईपर्यंत मी एकदाही हॉटेलात राहिले नव्हते. परगावी जायचं म्हणजे कुणा नातेवाइकाकडे जायचं. दीक्षाभूमीला गेलो की एखाद्या शाळेच्या वर्गात सतरंजी टाकून झोपायचो. वडील जिल्हा परिषदेत शिपाई, आणि घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. कुठे झोपायचं हे माणूस निवडू शकतो, असं कधी डोक्यातही आलं नव्हतं.

तरी दोन हजार पाचच्या आसपास, नॉटिंगहॅमला एम.एस्सी. करत असताना, हे काम माझ्याकडे आलं. मी जिथे भाड्याने राहत होते त्या घराच्या मालकीणबाई सरकारी हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या नर्स होत्या. एकोणिसाव्या वर्षी कॅरिबियनमधल्या एका लहानशा बेटावरून आलेल्या, त्या पुन्हा कधी तिकडे गेल्याच नव्हत्या. मला नावाने हाक मार म्हणायच्या, पण मला ते जमेना. म्हणून आंटी. त्या मला 'डक' म्हणायच्या. नॉटिंगहॅममध्ये लाडाने कुणालाही तसं म्हणतात, बसचा ड्रायव्हरसुद्धा.

एके दिवशी त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. त्यानंतर एवढा लांबचा प्रवास झेपेल की नाही, त्यांना खात्री नव्हती. त्याआधी एकदा आईची कबर पाहून यायची होती.

"नातेवाईक सगळे इकडे आले नाहीतर अमेरिकेला गेले," त्या म्हणाल्या. "आमचं घर विकून झालं. माझ्याच बेटावर मला खोली शोधायची आहे. तू कॉम्प्युटरवाली. शोध."

त्यांनी एका पाकिटाच्या मागे बेट काढून दाखवलं. एका बाजूला शांत समुद्र, पांढरी वाळू, सगळी हॉटेलं. दुसऱ्या बाजूला वारा, मोठ्या लाटा आणि त्यांचं गाव. सबंध बेटावर पेट्रोल पंप एक, सिग्नल एकही नाही.

मी हे काम परीक्षेसारखं मनावर घेतलं. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत बसून तक्ता केला. पण रकाने कुठले करायचे? मी लिहिलं: बस स्टँडपासून अंतर. दाराला आतून कडी. पाणी किती वाजता येतं. नंतर हा शेवटचा रकाना वाचून आंटी इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मी ओशाळले.

"नाही नाही, खोडू नकोस," त्या म्हणाल्या. "तिथे खरंच जातं पाणी. हे माझ्या डोक्यात आलं नसतं."

मग त्यांनी स्वतःचे रकाने सांगितले. पलंग किती उंच, म्हणजे गुडघ्यावर जोर न देता उठता येईल का. खिडकी वाऱ्याच्या बाजूला आहे का, कारण वारा असला की डास नाहीत. जवळपास कोंबडा आहे का. सकाळी चहा कोण करतं, मालक की नोकर. फोटोंकडे त्यांनी पाहिलंही नाही. तीस वर्षं रात्रपाळी केलेल्या बाईला झोपेचं मोल कळतं. त्यांचा तो नेमकेपणा मला फार आवडला. माझ्या ओळखीतल्या कुणीच स्वतःसाठी अशी गादीची उंची विचारली नसती. मिळेल तिथे अंग टाकायचं, एवढंच आम्हाला माहीत.

पण एक फोटो मी मुद्दाम त्यांच्यापुढे ठेवला. ती जागा शोधल्याचा मला अभिमान होता. उसाच्या मळ्याच्या मालकाचा जुना बंगला, आता गेस्ट हाउस. कॉम्प्युटरवर चित्र वरून खाली पट्टी-पट्टीने उघडलं होतं: आधी लाल छप्पर, मग पांढरे खांब, मग लांबलचक व्हरांडा. मी रंगीत प्रिंट काढून आणली होती.

आंटींनी कागद हातात घेतला. उजेडाकडे धरला.

"समोरून असं दिसतं होय," त्या म्हणाल्या.

त्यांची आई त्या बंगल्यात कपड्यांना इस्त्री करायची. शाळा सुटली की आंटी मागच्या पायऱ्यांवर बसून तिची वाट बघायच्या. पुढच्या बाजूला जायची मुभा नव्हती.

मी माफी मागितली. कागद परत घ्यायला हात पुढे केला. आणि मग, कसं कोण जाणे, माझ्या तोंडून भलतंच निघालं. "आंटी, तुम्ही इथेच राहा. पुढची, सगळ्यात मोठी खोली घ्या. व्हरांड्यात बसून चहा मागवा."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. तेव्हा मी त्यांना आईबद्दल सांगितलं. गावातल्या एका घरी ताक मागायला गेली की आईला ओट्याखाली उभं राहावं लागायचं, आणि ताक वरून तिच्या भांड्यात ओतलं जायचं, भांड्याला भांडं लागू न देता. त्या देशात मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. मराठी मंडळींमध्येही आडनावावरून गोष्ट पुढे जाईल म्हणून मी जपूनच बोलायचे.

आंटींनी सगळं ऐकून घेतलं. केटल भरली, चालू केली, मग म्हणाल्या, "म्हणजे तुझ्या आईच्या वतीने मी तिथे जाऊन झोपायचं?"

मला रडू येत होतं आणि हसूही. "हो," मी म्हणाले.

"विचार करते," त्या म्हणाल्या. आणि त्यांनी खरोखर विचार केला. दोन दिवस तो कागद फ्रिजवर चुंबकाने लावलेला होता. येता-जाता त्या त्याच्यापुढे थांबायच्या.

तिसऱ्या दिवशी त्यांनी तो काढून मला परत दिला. "डक, अकराच रात्री आहेत माझ्याकडे. त्या बंगल्यात मी प्रत्येक रात्री जागी राहीन. इस्त्रीची खोली कुठे असेल, तेच शोधत बसेन. मला आईकडे जायचंय, तिच्या मालकाकडे नाही."

मग त्यांनी माझ्या तक्त्यातलं अगदी खालचं नाव दाखवलं. त्यांच्याच गावात, किराणा दुकानाच्या वर दोन खोल्या. फोटो नाही, फक्त फोन नंबर. मी ते जवळजवळ वगळलंच होतं.

परदेशी फोनसाठीच्या कॉलिंग कार्डावरचा नंबर खरवडून त्यांनी फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला.

"पलंग किती उंच आहे?"

"थांबा हं." पलीकडची बाई रिसीव्हर ठेवून गेली. जिना चढल्याचा आवाज आला, मग उतरल्याचा. "माझ्या गुडघ्याच्या वर येतो. आणि मी उंच आहे."

"कोंबडा आहे का?"

"होता. रविवारी खाल्ला."

आंटींनी माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. खिडकी वाऱ्याच्या बाजूलाच होती. शेवटी नाव सांगितल्यावर त्या बाईने विचारलं, "तू कुणाची मुलगी?" आंटींनी आईचं नाव सांगितलं. मग ती बाई म्हणाली, "ती चर्चच्या मागे, बदामाच्या झाडाखाली आहे. तू येईपर्यंत गवत काढून ठेवते."

आंटींनी फोन ठेवला आणि ओट्याला धरून उभ्या राहिल्या. मी खुर्ची पुढे सरकवली. त्या बसल्या नाहीत.

परत आल्या तेव्हा त्या चांगल्याच काळवंडल्या होत्या आणि अखंड बोलत होत्या. गवत खरंच काढलेलं होतं. दुकानाच्या बाईबरोबर त्यांनी स्वतःच्या हाताने कबरीला चुना लावला होता. पाणी दोनदा गेलं होतं. मला मात्र एकच विचारायचं होतं, आणि धीर होत नव्हता.

"आंटी, तो बंगला? निदान चहाला तरी गेलात का?"

त्यांना आठवायला जरा वेळ लागला. "बस त्याच्यावरूनच जाते. पहिल्यांदा नीट पाहिला. व्हरांडा फोटोत वाटतो तेवढा मोठा नाही." त्यांनी बॅगेतून माझ्यासाठी आणलेली जायफळं काढून टेबलावर ठेवली. "दुसऱ्यांदा मला डुलकी लागली होती."