भूल उतरताना

मी सिस्टर आहे त्या नर्सिंग होममध्ये भूल द्यायला येणारे डॉक्टर आधी पेशंटला गाव विचारायचे. ऑपरेशन संपलं की भूल उतरवायचं इंजेक्शन द्यायचे आणि कानाशी वाकून हाक मारायचे. जेसल पार्कच्या सोसायटीतली बाई असली तर "उठा, नळाला पाणी आलंय!" समुद्रकाठच्या पालीची कोळीण असली तर "उठा मावशी, बोट आली!"

एकदा पालीच्या एका म्हातारीने हाकेसरशी डोळे उघडले. "माजा पोर आला?" केवढी हसली! तिचा मुलगा मासेमारीला गेला तो परतलाच नव्हता. फॉर्म भरताना तिने मला सांगितलं होतं. मी डॉक्टरांना सांगितलं नव्हतं.

"अजून न्हाय, मावशी," माझा चेहरा बघून ते कसंबसं म्हणाले.

आता ते कुणालाच हाक मारत नाहीत. इंजेक्शन देतात आणि पेशंट डोळे उघडेपर्यंत त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहतात.