मुंडकं नसलेला कौतिक

पारोळ्यात कौतिकला ओळखत नाही असा माणूस सापडला नसता, आणि त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवणारा तर मुळीच सापडला नसता. त्याचा धंदा वरातीच्या घोडीचा. आजूबाजूच्या गावांतले निम्मे नवरदेव त्याच्या शेवंतीच्या पाठीवर बसून लग्नाला गेलेले. पण घोडीचा लगाम धरून चालता चालता माणसाला बोलायला फार वेळ मिळतो, आणि कौतिकनं तो कधी वाया जाऊ दिला नाही. आपण लांडग्याला चाबकानं कसं पळवलं, एका मंत्र्यानं गाडी थांबवून शेवंतीला हात कसे जोडले, अशा गोष्टी तो रंगवून सांगे. त्यात थोडं खरं असेही; पण फोडणीच एवढी की भाजी कुठली ते कळू नये.

त्यामुळे शहाऐंशी साली रावेरकडून परत आल्यावर त्यानं बसस्टँडवरच्या पंडितच्या चहाच्या टपरीवर जाहीर केलं की आपण हिंदी सिनेमात काम करून आलो, तेव्हा लोक पोट धरधरून हसले. या वेळी मात्र त्याचा शब्द न् शब्द खरा होता. हीच तर पंचाईत.

झालं होतं ते असं. मुंबईची एक सिनेमा कंपनी सातपुड्याच्या पायथ्याशी उतरली होती. कंपनी म्हणजे दोन गाड्या, एक कॅमेरा आणि एक सतत ओरडणारा दिग्दर्शक. सिनेमाचं नाव ‘काली घाटी का सवार’. गोष्ट अशी, की टोप्या घातलेले, कमरेला पिस्तुलं लावलेले परदेशी थाटाचे दरोडेखोर खजिना लुटतात, आणि ज्याचं मुंडकं त्यांनी उडवलं त्याचं भूत घोड्यावर बसून त्यांच्या मागं लागतं. केळीच्या मुलखात हा अमेरिकेचा थाट! मागं केळीचे घड लटकलेले दिसू नयेत म्हणून कॅमेरावाला बिचारा मान वाकडी करून करून दमला.

भुतासाठी काळा घोडा हवा होता. तो मिळेना, म्हणून शेवंतीला आणलं. शेवंती पांढरीशुभ्र. तेलात काजळी कालवून ती फासली आणि तिला काळी केलं. मुंबईहून आलेला स्वार तिच्यावर बसला आणि लगेच खाली आला. दुसऱ्यांदा बसला, पुन्हा खाली. शेवंती नवरदेवाशिवाय परक्याला पाठीवर ठेवून घेत नसे, आणि नवरदेवालाही कौतिकनं लगाम धरला असेल तरच. शेवटी दिग्दर्शकानं वैतागून कौतिकलाच वर चढवलं. त्याच्या खांद्यांवर बांबूची चौकट बांधली, तिच्यावरून काळा झगा सोडला आणि बघायला छातीशी एक भोक ठेवलं. झालं, कौतिकचं मुंडकं गेलं.

शेवटच्या दिवशी घाटाच्या तोंडाशी पाठलाग होता. तिथं एक शेंदरी मारुती होता. अमेरिकेत मारुती कसा चालेल, म्हणून कंपनीनं त्याच्यापुढं एक मोठी फळी उभी केली आणि तिच्यावर इंग्रजीत काहीतरी लिहून पोलीस चौकी केली. माणसं फसली असती. शेवंतीला तेला-शेंदराचा वास कळत होता. लग्न लागण्याआधी नवरदेव घोडीवरून मारुतीच्या दर्शनाला जातो. जन्मभर तिनं तेच केलेलं. मारुती आला की थांबायचं, मान खाली घालायची, आणि नारळ फुटल्याचा आवाज झाल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही.

ती भरधाव आली आणि मारुतीपुढं ठप्प उभी राहिली. तिनं मान खाली घातली. कौतिकनं टाचा मारल्या, लगाम ओढला, सगळं केलं. ती हलेना. वर नाकानं ढोसून तिनं ती फळीच पाडली. दिग्दर्शक बोंबलत होता, आणि झग्याच्या आतून कौतिकही बोंबलत होता, “नारळ फोडा! अरे, नारळ फोडा कोनी!” मुंबईकरांना त्यातलं काही उमजेना. शेवटी गावच्या आचाऱ्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यानं चटणीसाठी आणलेला नारळ दगडावर आपटला आणि शेवंती बाणासारखी सुटली. कॅमेऱ्यातली रीळ तेवढ्यात संपली. दुसरी नव्हती. झालं ते झालं म्हणून दिग्दर्शकानं कपाळाला हात लावला आणि कंपनी गाशा गुंडाळून गेली.

मग वर्षभर कौतिकनं सोसलं ते त्याचं त्यालाच ठाऊक. सिनेमा येईना. मारुतीची गोष्ट सांगावी तर लोक म्हणत, ही लांडग्याच्या गोष्टीची धाकटी बहीण. त्याचं त्याला फारसं काही नव्हतं. फेकाड्या म्हणून घ्यायची सवय होती. पण त्याची बायको भिकुबाई पंपावर पाणी भरायला गेली की बाया विचारत, “का व बाई, तुन्हा हिरो काय करस?” ती रिकामा हंडा घेऊन परत येऊ लागली तेव्हा त्याला पहिल्यांदा स्वतःच्या जिभेची लाज वाटली. आयुष्यभर फुकट घालवलेली पत आज एका खऱ्या गोष्टीसाठी हवी होती, आणि गाठीला शिल्लक काही नव्हती.

एकदा भाकरी वाढता वाढता भिकुबाई म्हणाली, “तुम्हले मन्ही आन शे. खरं सांगा, तुम्ही व्हतात का त्यामा?”

“व्हतू,” कौतिक म्हणाला. आयुष्यात एवढं लहान उत्तर त्यानं कधी दिलं नव्हतं.

पुढल्या वर्षी सिनेमा आला. जळगावात पडला, धुळ्यातही पडला. पंडित धुळ्याला मामाकडं गेला होता, तो बघून आला आणि टपरीवर भर गर्दीत त्यानं कौतिकला गाठलं. “कौतिकभाऊ, दखा तुन्हा सिनेमा. मध्यंतरलाच उठी ऊनू. तू ते कोठेच दिसना नही!”

“अरे, माले मुंडकंच नही त्यामा, दिसू कसा?”

“म्हनजे जसा अठे शे, तसाच तठे!” पंडित म्हणाला, आणि लोकांच्या हातातल्या कपबशा हिंदकळल्या.

आणि त्याच आठवड्यात, शनिवारी, तो सिनेमा पारोळ्याच्या टॉकीजला लागला. दुपारच्या खेळाला सगळं गाव लोटलं, ते सिनेमासाठी नव्हे, कौतिकची फजिती बघायला. भिकुबाई बायांच्या बाजूला पदर ओढून बसली. कौतिक दाराजवळ उभाच राहिला.

सिनेमा काय सांगावा! भुताच्या अंगावर माश्या बसत होत्या. दरोडेखोराची टोपी एका क्षणी लाल, दुसऱ्या क्षणी तपकिरी. काळी घोडी घामानं दर खेपेला जास्त जास्त पांढरी होत चाललेली. लोकांनी आधी शिट्ट्या मारल्या, मग जांभया दिल्या, मग पैसे परत मागायला सुरुवात केली. मध्यंतरानंतर निम्मे उभेच होते. पंडित मोठ्यानं विचारत होता, “कोठे शे रे हिरो?” कौतिकनं दाराला हात घातला. बाहेर पडावं आणि थेट नाशिकचा रस्ता धरावा असं त्याला वाटलं.

तेवढ्यात पडद्यावर पाठलाग सुरू झाला. बिनमुंडक्याचं भूत भरधाव आलं, आणि घोडी ठप्प उभी राहिली. तिनं मान खाली घातली. स्वार टाचा मारतोय, घोडी हलत नाही. बाहेर निघालेली माणसं वळून बघू लागली. पुढच्या रांगेत बँडवाला लोटन बसला होता. शेवंतीच्या पुढं क्लॅरोनेट वाजवत त्याची उमर गेली होती. तो उठून उभा राहिला. “अरे बापरे, हाई ते शेवंती शे!”

पडद्यावर फळी पडली आणि मागून शेंदरी मारुती दिसला. मग काय विचारता! “बजरंगबली की जय!” भूत मारुतीपुढं नमलं! बाया हात जोडून उभ्या राहिल्या, म्हातारी माणसं खुर्च्यांवर चढली. आणि ज्यांनी ज्यांनी शेवंतीच्या पाठीवर बसून मारुतीचं दर्शन घेतलं होतं ते सगळे नवरदेव, कुणी टक्कल पडलेले, कुणी नातवाला मांडीवर घेतलेले, एकदम ओरडले, “नारळ फोडा! नारळ फोडा, त्याबिगर हालाव नही ती!”

शनिवार असल्यानं निम्म्या पिशव्यांत मारुतीचे नारळ होतेच. लोटननं शेजाऱ्याच्या पिशवीतला नारळ काढून पडद्यासमोरच्या पायऱ्यांच्या कडेवर असा हाणला की पाणी पडद्यापर्यंत उडालं. आणि त्याच घटकेला शेवंती सुटली! छप्पर उडेल की काय असा गलका झाला. ऑपरेटरला रीळ पुन्हा लावावी लागली, तिसऱ्यांदाही लावावी लागली. दर वेळी नारळ फुटत होते, खोबरं वाटलं जात होतं, आणि दारातल्या कौतिकला लोकांनी कधी खांद्यावर घेतलं ते त्याचं त्यालाही कळलं नाही. जळगाव-धुळ्यात मेलेला सिनेमा पारोळ्यात पोळ्यापर्यंत चालला. असोद्याहून, अमळनेरहून माणसं एस.टी.नं यायची, ती भुतासाठी नव्हे, घोडीसाठी.

त्या पहिल्या दिवशी खेळ सुटल्यावर पंडितनं गर्दीतून वाट काढून कौतिकचा हात धरला. “कौतिकभाऊ, मी मध्यंतरलाच उठी ऊनू रे,” एवढंच तो परत परत म्हणत राहिला. ज्या दिवशी सगळं गाव ऐकायला तयार होतं, नेमकी त्याच दिवशी कौतिकची बोलती बंद झाली होती.

टॉकीजबाहेरच्या पायऱ्यांवर पंपावरच्या बायांनी भिकुबाईला घेरलं. लग्नात नव्या नवरीला घेरतात तसं घेरून त्या म्हणाल्या, “सांग व आते, कोन व्हता तो बिनमुंडकाना? नाव ल्हे!”

भिकुबाईनं नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. तिनं पदर खांद्यावर टाकला, खांद्यांवर बसवून आणलेल्या त्या रडणाऱ्या माणसाकडं बघितलं, आणि सगळ्या पारोळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात, यमक न जुळवता म्हणाली, “कौतिक! मन्हा नवरा शे तो!”