गेटवर अडकलेला व्हिडिओ

बाबा प्लांटमधून निवृत्त झाले त्याच्या पुढच्या रविवारी समाज भवनात जेवण ठेवलं होतं. तिथे दाखवायचा व्हिडिओ मी करायचा, हे घरात मला न विचारताच ठरलं. मी दुर्गच्या एका शाळेत भूगोल शिकवते. शाळेच्या गॅदरिंगसाठी एकदा चार तुकडे जोडून व्हिडिओ केला होता, तेवढ्यावर माझी नेमणूक झाली. बाबांनी आजवर माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. या वेळी मात्र मागितलं.

"बाकी काई पन टाक बेटा, पन मी गेटातून निघून राहिलो ते बराबर दिसलं पायजे."

त्यांचंही खरं होतं. आत फोटो काढता येत नाहीत, त्यामुळे त्यांनी सारा जन्म जिथे घालवला तिथला त्यांचा एकही फोटो आमच्याकडे नाही. आम्हाला आतलं एकच ठाऊक. पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, जागेवर आला नाही तर बाबा घरी येत नाहीत. यंत्र कुणाच्या तरी ताब्यात दिल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा तिथला कायदा. माझ्या दहावीचे पेढे, आईचा दवाखाना, सगळं त्या न आलेल्या माणसासाठी खोळंबलेलं. लहानपणी मला त्या रिलीव्हरचा फार राग यायचा.

निवृत्तीच्या दिवशीचा गेटवरचा व्हिडिओ बाबांच्या एका सोबत्याने मोबाइलवर काढून पेन ड्राइव्हमध्ये दिला होता. तो आणि त्या संध्याकाळचे घरचे तुकडे मी लॅपटॉपवर एका रांगेत लावले, प्रीव्ह्यू सुरू केला, आणि आवाज पुढे धावला, चित्र मात्र उचक्या देत मागे राहिलं. आमच्या अंगणात ढोलावर आत्या नाचत होती. तिचा हात वर गेला तो वरच. ढोल थांबून जेवणं सुरू झाल्याचा आवाज आला तरी हात खाली येईना. बिघडलंय काय, लॅपटॉप, पेन ड्राइव्ह, सॉफ्टवेअर की माझं डोकं, मला काही कळेना.

घरात यंत्रांचे जाणकार बाबाच. त्यांनी दोन मिनिटं पडद्याकडे पाहिलं, लॅपटॉपला कान लावला आणि सरळ जाऊन कूलर बंद केला.

"लोड जास्त झाला हाय."

मग फ्रिज बंद केला. बाहेर मे महिना तापलेला. आई पदराने वारा घेत म्हणाली, "तुमच्या व्हिडिओपायी आमाले उकडून मारता काय?" घाम सगळ्यांना फुटला, आत्याचा हात मात्र होता तिथेच होता.

मग मी इंटरनेटला शरण गेले. तिथे जितके गुरू तितके उपाय. एकाने सांगितलं, प्रीव्ह्यूची क्वालिटी कमी करा. मी ती पाववर आणली, तर बाबांचं तोंड कणकेच्या गोळ्यासारखं दिसायला लागलं. दुसऱ्याने सांगितलं, पेन ड्राइव्हवरून काम करू नका, सगळं लॅपटॉपमध्ये उतरवून घ्या. तेही केलं. तिसऱ्याने सांगितलं, जड फाइलींच्या हलक्या नकला करा, काम नकलांवर करा, शेवटी सॉफ्टवेअर मूळ फाइलीच वापरतं. मला यातलं निम्मंही समजलं नाही, पण नकला केल्या. आणि आत्याचा हात खाली आला! मी टाळीच वाजवली.

आनंद गेटपर्यंत टिकला. बाकी सगळं लोण्यासारखं चालत होतं, पण गेटवर बाबा दोन पावलं टाकत आणि थांबत. फटाक्यांचा आवाज चालू, चित्र ठप्प. पुन्हा दोन पावलं, मान अर्धी वळलेली, ठप्प. असं तीनदा. मी लॅपटॉप बंद करून चालू केला, नक्कल पुसून नवी केली, सॉफ्टवेअरने साठवलेला कचरा काढला. दोन दिवस हेच. जे मला नेमकं हवं होतं तेच का अडतंय, या विचाराने माझं डोकं फिरलं, लॅपटॉपला मी नाही नाही ते बोलले. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "नाचता येईना, अंगन वाकडं." तिच्यावरही ओरडले.

मूळ फाइल एकदा साध्या प्लेअरमध्ये लावून पाहावी एवढं मला सुचलं नाही. मी कात्री चालवली. अडकलेले तिन्ही तुकडे कापून टाकले. आता बाबा गेटमधून तरातरा बाहेर येत होते. शुक्रवारी दुपारी मोठ्या ऐटीत त्यांना बोलावून दाखवलं.

त्यांनी पाहिलं. पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाले, "मी इतक्या जल्दी नाई निघालो."

"बाबा, व्हिडिओ अटकून राहिला होता. अटकलेलं मी काढून टाकलं."

"व्हिडिओ नाई अटकला. मी थांबलो होतो."

मी मूळ फाइल पूर्ण पडद्यावर लावली. फटाके वाजत होते, बाबा मागे मान वळवून उभे होते, आणि त्यांच्या गळ्यातल्या हारातली झेंडूची फुलं गरम वाऱ्याने हलत होती. चित्र अडकलं असतं तर फुलं कशी हलली असती? माझ्या पाव क्वालिटीत त्या फुलांचा नुसता पिवळा डाग झाला होता. मला फार लाज वाटली.

"कावून थांबले होते तुमी?"

बाबांनी पडद्यावरच्या गेटवर बोट ठेवलं.

"त्या दिवशी मले जनरल शिफ्ट देल्ली होती. सह्या केल्या, चाय पेलो, हार घातला. मशीनवर नोतोच, तं रिलीव्हर कायचा? मालूम होतं मले. पन पायाले कोन सांगन?"

मी तिन्ही तुकडे परत जोडले.

रविवारी समाज भवनात भिंतीवर व्हिडिओ लावला. आत्या नाचली, लोक हसले. मग गेट आलं. बाबा दोन पावलं चालले आणि मान वळवून थांबले. मागून कुणीतरी ओरडलं, "अटक गया, अटक गया!" दोघं-तिघं माझ्याकडे वळून पाहायला लागले. मी समजावून सांगायला उठले, तेवढ्यात पहिल्या रांगेतून बाबांनी माझा हात धरला. नजर भिंतीवरच होती.

"राहू दे," ते म्हणाले. "कोनी येते काय पाहू."