आठाचा जादा भागाकार

कॅमेरे बसवणारा माणूस हाताचा चांगला होता. भिंतीला छिद्र पाडलं तर प्लास्टरचा टवका उडायचा नाही. गुडघे कुरकुरत असतानाही त्यानं केबल कारखान्याच्या भांडारात सहा कॅमेरे दोन दिवसांत बसवले. चूक झाली ती शिडीवर नाही. खाली उतरून, खुर्चीत बसून केलेल्या कामात.

भांडार सांभाळणाऱ्याला सगळे कुलूपभाऊ म्हणत. कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघायचे, दहा पावलं जायचे आणि परत येऊन चौथ्यांदा ओढायचे. सहीची चिठ्ठी हातात पडल्याशिवाय ते साधा स्क्रू बाहेर सोडत नसत.

"मास्तर, यात किती दिवसांचं राहतं रे?" त्यांनी रेकॉर्डरकडे बोट दाखवलं.

कॅमेरेवाल्यानं कानामागची पेन्सिल काढली. कॅमेऱ्याच्या कागदावर आकडा होता, सेकंदाला अर्धा. जुन्या कॅमेऱ्यांचे आकडे मेगाबिटमध्ये असायचे. आठ मेगाबिटांचा एक मेगाबाइट, म्हणून आधी आठानं भागायचं. हात तसाच चालत आलेला. त्यानं भागलं. आकडा फार लहान आला, पण नवे कॅमेरे जागा कमी खातात असं दुकानदार म्हणालाच होता. दिवसाला सहा कॅमेऱ्यांचे मिळून बत्तीस जीबी. डिस्क एक टीबीची, म्हणजे हजार जीबी.

"तीस दिवस. पुरा महिना," तो म्हणाला. "आता कशाला चिठ्ठ्यांचे गठ्ठे सांभाळता, भाऊ? वर सहा डोळे बसवलेत."

"खात्री?"

"तुमच्या कुलपापेक्षा पक्की."

तरी कुलूपभाऊ पुढे तीन आठवडे चिठ्ठ्या घेतच राहिले. मग एके दिवशी ट्रकची घाई झाली आणि तांब्याच्या तारेची चार बंडलं त्यांनी कॅमेऱ्याखाली, चिठ्ठीशिवाय दिली. अकरा दिवसांनी बोंब आली, माल पोचलाच नाही. ड्रायव्हरनं कानावर हात ठेवले.

"मग रेकॉर्डिंग लावा की," कुलूपभाऊ निवांत म्हणाले.

लावलं. सगळ्यात जुनं चित्र चार दिवसांमागचंही नव्हतं.

मॅनेजरनं कॅमेरेवाल्याला बोलावलं आणि कुलूपभाऊंकडे बोट केलं. "रेकॉर्डर यांच्या खोलीत, चावी यांच्याकडे. कसं पुसलं असेल?"

तारीख बघूनच कॅमेरेवाल्याला काय झालं ते कळलं. डिस्क भरली की रेकॉर्डर जुन्यावर नवं लिहितो. महिन्यानं लिहायचं ते तो चौथ्या दिवशीच लिहीत होता. कुणी काही पुसलेलं नव्हतं.

"बघावं लागेल," तो म्हणाला. कुलूपभाऊ त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्यानं रेकॉर्डरची वायर उगाच काढून परत लावली.

घरी जाऊन त्यानं तो कागद पुन्हा वाचला. आकडा मेगाबिटमध्ये नव्हताच, मेगाबाइटमध्ये होता. भागून झालेलाच होता.

बायको शिवणकाम करायची. तिला त्यानं सांगितलं.

"म्हणजे सेंटिमीटरचे इंच झालेलेच होते, आणि तुम्ही ते सेंटिमीटर समजून पुन्हा इंच केले," ती म्हणाली. "अहो, झगा बाहुलीला तरी बसेल का?" तो हसला नाही, तेव्हा तिनं मशीन थांबवलं. "कुणाच्या गळ्याशी आलं?"

त्यानं नव्यानं मांडलं. सेकंदाला अर्धा मेगाबाइट, तासाला अठराशे, दिवसाला त्रेचाळीस हजार दोनशे. हजाराचा एक जीबी, म्हणजे त्रेचाळीस जीबी आणि थोडे वर. सहा कॅमेऱ्यांचे दोनशे एकोणसाठ. हजारात चार दिवसही बसेनात. कागद वाचायला दोन मिनिटं लागली असती.

दोन दिवस तो गेला नाही. कधी गुडघा आडवा आला, कधी दुसरीकडचं काम. तिसऱ्या दिवशी गेला, तोवर कुलूपभाऊंच्या चाव्या काढून घेतल्या होत्या आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांना आवारात केबलचे ड्रम ढकलायला लावलं होतं.

त्यानं मॅनेजरला सांगितलं. मॅनेजर म्हणाला, लेखी द्या. त्यानं हिशेब पायरी-पायरीनं लिहिला.

"पुसलं नाही, मान्य," मॅनेजर म्हणाला. "पण जन्मभर चिठ्ठी घेणारा माणूस नेमकं त्याच दिवशी चिठ्ठी विसरतो?"

कॅमेरेवाल्यानं खाली बघून सही केली आणि जिना उतरला.

आवारात कुलूपभाऊ ड्रमला खांदा लावून उभे होते. त्यानं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"चूक माझीच रे, मास्तर. चिठ्ठी घ्यायला हवी होती."

"चिठ्ठ्या कशाला, असं मीच म्हणालो होतो, भाऊ."

"ते लिहिलंस ना?"

"राहिलं."

"राहिलं, की ठेवलंस?"

कुलूपभाऊंनी पुन्हा ड्रमला खांदा लावला. कॅमेरेवाला गुडघा धरत जिना परत चढला.

"कागद द्या," तो मॅनेजरला म्हणाला. "एक ओळ कमी आहे." आणि सहीखाली लिहिलं: रेकॉर्डिंग महिनाभर राहतं, चिठ्ठ्यांची गरज नाही, असं कुलूपभाऊंना मी सांगितलं होतं.

"हे दिल्यावर इथलं काम तुम्हाला परत मिळणार नाही. कळतंय ना?"

"कळतंय."

"आणि त्या दिवशी तोंड का उघडलं नाहीत?"

"भीती वाटली."

मॅनेजरनं ती ओळ पुन्हा वाचली, फोन उचलला आणि त्या ट्रकच्या ड्रायव्हरला वर पाठवायला सांगितलं. कॅमेरेवाल्याला कुणी बस म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. तो दाराशी उभा राहिला.