चिंगीच्या वाटीतली चरबी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हालाही सांगायची इच्छा नव्हती — पण तुम्ही माझी पत्रकं वाचता, माना डोलावता, आणि आता मला त्या डोलण्याची किळस येते.

सौंदडला आमच्या घरी चिंगी नावाची कुत्री होती. तिच्या स्वादुपिंडाला सूज आली, मरता मरता वाचली. गोंदियाच्या डॉक्टरांनी बजावलं — चरबी हिला विष आहे, पुन्हा सूज आली तर वाचणार नाही. तेव्हापासून आई तिच्यासाठी वेगळं शिजवायची. भाताची पेज, कातडं काढून उकडलेली कोंबडी, वर तरंगणारं तेल चमच्यानं काढून टाकलेलं.

आणि मी? मी डबाबंद खाण्याच्या कंपन्यांविरुद्ध लिहीत होतो. प्राण्याला निसर्गानं दिलेलं द्या — कच्चं मांस, चरबीसकट. डॉक्टर म्हणजे कंपन्यांचा दलाल, आणि आई त्याला भ्यालेली बाई. असंच मानत होतो मी. दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई, म्हणजे गावची जत्रा भरते, घर पाहुण्यांनी आणि मटणानं भरून जातं. त्या गडबडीत खाटकाकडून आणलेली चरबी मी आईच्या नकळत चिंगीच्या वाटीत टाकत राहिलो. ती शेपटी हलवत खायची. मला तो माझ्या विचारांचा विजय वाटायचा — कुत्रीच्या शेपटीवर मोजलेला.

मंडई उलटली आणि ती ओकू लागली. पाठीची कमान करून कण्हायची. डॉक्टरांनी विचारलं, "इसको चरबी किसने खिलाई?"

काय अवघड होतं? एक अक्षर — मी. पण मी म्हणालो, "घरी पाहुणे होते. आईनं उष्टं टाकलं असेल."

आई शेजारीच उभी होती. "मी तं हाडूकई नाही टाकलं, बाबू," एवढंच बोलली. मग आपल्याच हातांकडे पाहू लागली — जणू स्वतःवरच शंका आली.

चिंगी गेली. बाबा अजूनही चारचौघांत आईकडे बोट दाखवून म्हणतात, "इच्या लाडानंच मेली कुत्री." पाहुणे हसतात. मी ऐकतो, भात कालवतो, जेवतो. दुसऱ्यांचे गुन्हे ठळक अक्षरांत छापणारा मी.

यंदाच्या मंडईला दारात एक भटकं कुत्रं आलं. आईनं पेजेची वाटी भरली, उंबऱ्यापर्यंत गेली, थांबली. मागे वळून ती वाटी माझ्यापुढे धरली.

"तूच दे रे बाबू. माह्या हाताले यश नाही."

मी वाटी घेतली.