ओट्यावर वाढलेलं पान

“उसव गो, उसव!” आमच्या शिवणाच्या बाई टाका पाहायच्या आधीच म्हणत. मग चष्मा लावून पाहत आणि टाका सरळ निघाला तर म्हणत, “बरा हाय. तरी उसव.” रोह्याच्या मुलींच्या शाळेत आम्ही शिवलं कमी आणि उसवलं जास्त. मी भाच्यासाठी झबलं शिवायला घेतलं होतं. ते पुरं होईस्तोवर भाचा चड्डी घालून शाळेत जायला लागला.

हळदीकुंकवाला बोलवावं की नाही, यावर दरवर्षी आळीत खल होतो अशी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल. बाईंचा नवरा लग्नानंतर थोड्याच महिन्यांत बोटीवर नोकरीला गेला. गेला तेव्हा देशात इंग्रज होते. ते गेले, आमच्या गावात एस.टी. आली, तरी याचा पत्ता नव्हता. बाई नदीपलीकडच्या अष्टमी गावात आमच्या शेजारी दोन खोल्यांत एकट्या राहत. कपाळाला बारीक कुंकू लावून रोज पूल ओलांडत आणि शाळेत येत.

आम्ही उसवत बसलो की त्या ग्रीस देशातल्या एका राणीची गोष्ट सांगत. तिचा राजा लढाईला गेला तो वर्षानुवर्षं परतला नाही. तिच्याशी लग्न करायला टपलेले पुरुष वाड्यात येऊन फुकटचं जेवू लागले. “हे वस्त्र विणून झालं की ठरवते,” असं राणी त्यांना सांगे. दिवसा विणी आणि रात्री उसवी. शेवटी राजा दारात येऊन उभा राहायचा, आणि बाई तिथेच थांबायच्या.

“मग, बाई? घेतलं तिने त्याला घरात?”

“पुस्तकात घेतलंय. पण तिला कुणी विचारलं नाय गो.”

आणि एका माघात बाईंचा नवरा खरंच आला. केस पिकलेले, हातात ट्रंक. सगळी आळी लोटली. इतकी वर्षं कुठे होतास, हे त्याला कुणी विचारलं नाही. आला हेच पुष्कळ! माझी आई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन ओवाळायला धावली. बाई उंबऱ्यात उभ्या होत्या.

“वयनी, तुकडा राहू द्या,” त्या म्हणाल्या. “तो घरी परतलेल्यावरून ओवाळतात. हे पाव्हणे हायत.”

त्यांनी ओट्यावर पाट मांडला. केळीच्या पानावर भात, तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं.

“अगो, मी नवरा हाय तुझा,” तो म्हणाला.

“जेवा आधी. कोलाडची गाडी मिळंल अजून.”

तो जेवला, हात धुतला आणि ट्रंक उचलून पुलाकडे गेला.

दुसऱ्या दिवशी शिवणाच्या तासाला आम्ही न सांगताच कापडं पुढ्यात घेतली. बाईंनीच गोष्ट पुरी केली. “राणीने त्याला जेवू घातलं. उपाशी कुणाला धाडू नये.”

“आणि मग?”

“मग ती एकटीच राह्यली. चला, उसवा.”

त्यानंतर हळदीकुंकवाचा खल मिटला. बाईंना कुणीच बोलवेना. आईने तर वर्षभर त्यांच्याशी बोलणं टाकलं. पुलावर समोरून बाई दिसल्या की बायका नदीकडे बघत चालत. मला फार वाईट वाटायचं.

मी लग्न होऊन पेणला आले. नोकरी संपल्यावर बाईही पेणला, गणपतीच्या कारखान्यांमागे एका खोलीत राहायला आल्या. दाराला दिवसा कडी नसे. पायरीवर माझं पाऊल वाजलं की आतून हाक यायची, “ढकल नि आत ये गो!” ओट्यावर त्यांनी मला कधी बसू दिलं नाही.

एकदा धीर करून विचारलं, “बाई, एकटं वाटत नाही?”

“वाटतं की. दिवे लागले की फार वाटतं. कान दाराशी असतो.” सुईत दोरा ओवून झाल्यावर म्हणाल्या, “पण त्या दिवसाचा टाका मी उसवायची नाय.”

बाई गेल्या तेव्हा मी माहेरी होते. परत आल्यावर सवयीने दार ढकलायला गेले, तर हाताला कुलूप लागलं. पाय मागे फिरेनात. मग त्यांच्या ओट्यावर मी पहिल्यांदाच बसले.