मोटारीचं सिम

फोन आणखी पातळ झाला, अशी त्या दिवशीची मोठी बातमी होती. जाड आहे अशी तक्रार कुणी केली होती, देव जाणे. नारायणगावातल्या माझ्या दुकानाचं शटर वर करून आधी झाडू मारायचा, उदबत्ती लावायची, ते सगळं बाजूला ठेवून मी शटरखाली उभ्या उभ्याच त्या बातमीखाली लिहिलं, "पुढच्या वर्षी पापडासारखा लाटून द्या, तळून खातो." दहा-बारा जणांनी हसरे चेहरे टाकले. तेवढ्यावर माझा दिवस चांगला गेला.

गॅझेटवेड्यांचा तो ग्रुप होता. कोण सांगलीचा, कोण जळगावचा, एकमेकांची तोंडं कधी पाहिलेली नाहीत. बातमी आली की प्रत्येकानं आपली पिंक टाकायची, आणि माझी पिंक लांब जाते असा माझा लौकिक होता. फ्रिजमध्ये बुद्धी घातल्याची बातमी आली तेव्हा मी लिहिलं, "आधी आमच्या गावातल्या माणसांत घाला, जागा रिकामी आहे." जुन्या संगणकांना आता अपडेट मिळणार नाहीत म्हटल्यावर लिहिलं, "चला, म्हाताऱ्यांना पारावर नेऊन बसवा." घडीच्या फोनबद्दल, बोलणाऱ्या चष्म्याबद्दल, झोप मोजणाऱ्या अंगठीबद्दल, सगळ्यांबद्दल मला मत होतं. यातली एकही वस्तू मी कधी हातात धरली नव्हती. माझं दुकान रिचार्जचं, झेरॉक्सचं, मोबाईलच्या काचा बदलण्याचं आणि ऑनलाईन अर्ज भरून देण्याचं. पण मत द्यायला वस्तू हातात असावी लागत नाही, हे मला फार लवकर समजलं होतं.

घरी पिंपळवंडीला दादा, वहिनी आणि मी, अशी तीनच माणसं. दादा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. शेती त्यानं अंगावर घेतली आणि मला मातीत उतरूच दिलं नाही. मी टेबलावर एखादा फोन उघडून बसलो की तो शेजारी मांडी घालून बसायचा आणि बारीक स्क्रू सांडू नये म्हणून स्वतःचा श्वास रोखून धरायचा.

आमच्याकडं शेतीच्या मोटारीला लाईट पाळीनं येते. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्रीची किंवा पहाटेची. आमची विहीर घरापासून पाऊण किलोमीटर, आणि वाटेच्या दोन्ही अंगांना ऊस. उसात बिबट्या आहे का, असं आमच्याकडं कुणी विचारत नाही. आज कुणाच्या उसात आहे, असं विचारतात. मोटार चालू करायला त्या वाटेनं अंधारात जायचं, यात दादाचं अर्धं आयुष्य गेलं. म्हणून चार वर्षांपूर्वी मी विहिरीवरच्या स्टार्टरला मोबाईलची पेटी बसवली. पेटीत एक सिमकार्ड असतं. घरून त्या नंबरला फोन लावायचा, एक आकडा दाबायचा, की मोटार चालू. माझ्या एवढ्या सगळ्या यंत्रवेडाचा घराला झालेला हा एकच उपयोग.

पेटीतून एक बाई बोलायची, "मोटर चालू झाली आहे." दादा तिला न चुकता "बरं बाई" म्हणायचा. लग्नाच्या मांडवात, दशक्रियेच्या घाटावर, दवाखान्याच्या रांगेत, जिथं असेल तिथून तो तिला फोन लावायचा. वहिनी म्हणायची, "बोला, बोला तिच्याशी. आमच्याशी बोलाया कुठली सवड?" दादा खरोखर लाजायचा. अंथरुणात बसून मोटार चालू करणारा आमच्या वस्तीवरचा तो पहिलाच माणूस, आणि आल्या-गेल्या प्रत्येक पाव्हण्याला तो हे करून दाखवायचा. चहा होईस्तोवर मोटार दोनदा चालू-बंद व्हायची.

दिवाळीनंतर एका मोबाईल कंपनीची योजना आली. घरातले चार नंबर एकत्र घ्यायचे, वेग तुफान, डेटा मुबलक. बातमी वाचल्यापासून मला चैन पडेना. पण नंबर चार पाहिजेत आणि आम्ही माणसं तीन. चौथं माणूस कुठून आणायचं? मी मोटारीचा नंबर धरला. दादाला सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "घाल की. घरातलीच हाय ती."

विहिरीवर जाऊन पेटीतलं सिम काढलं, फोनमध्ये घालून मेसेज पाठवला, चारही नंबर नव्या कंपनीकडं वळवले. त्याच सुमारास ग्रुपवर एक बातमी फिरत होती, की टू-जी कायमचं बंद करा अशी मागणी चालू आहे. मी लगेच खाली लिहिलं, "करा एकदाचं बंद. टू-जी वापरतं कोण अजून?" पुष्कळ अंगठे आले. चार दिवसांनी नवं सिम घेऊन विहिरीवर गेलो, पेटीत घातलं आणि फोन लावला. बाई बोलेना. पुन्हा लावला. पेटीवरचा दिवा नुसता मिचमिचत राहिला.

कारण समजायला मला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत, इतका मी हुशार. पेटी जुनी, तिला टू-जीशिवाय दुसरं काही समजत नव्हतं. आणि नव्या कंपनीकडं टू-जी मुळातच नव्हतं. टू-जी आमची मोटार वापरत होती.

घरी येऊन दादाला सांगितलं तेव्हा त्यानं फार साधं विचारलं, "आरं, मग जुन्या कंपनीचं दुसरं एखादं कार्ड घाल की तिच्यात."

"दादा, आता मागं जायचं नसतं," मी म्हणालो. "फोर-जीची पेटी निघतीय, ॲपवाली. लाईट कधी आली, कधी गेली, पाणी किती उपसलं, सगळं फोनवर दिसतं. जरा दम धर."

"किती दिस?"

"महिनाभर. नवीन मॉडेल तोंडावर आलंय, आत्ता जुन्यावर खर्च करण्यात काय अर्थ?"

हे मी कसं बोललो असेन, ते मला आजही ऐकू येतं. जुन्या कंपनीची कार्डं माझ्याच दुकानाच्या खणात पडलेली होती. मी ती दिवसाला दोन-तीन विकायचो. एक कार्ड चालू करून पेटीत घालायचं, म्हणजे दहा मिनिटांचं काम. ते केलं असतं तर मी चुकलो असा त्याचा अर्थ झाला असता. नवी पेटी आणली असती तर मी पुढं गेलो असा झाला असता. मला चुकायचं नव्हतं. दुसरं काही कारण मला आजवर सापडलेलं नाही, आणि मी कमी शोधलेलं नाही.

दादानं दम धरला. तो पुन्हा काठी आणि बॅटरी घेऊन पहाटेचा विहिरीकडं जायला लागला. बिबट्याच्या भीतीनं आमच्याकडं माणसं फोनवर मोठ्यानं गाणी लावून चालतात, तसा तोही लावायचा. पहाटे ते गाणं उसाच्या वाटेनं लांब लांब जाताना मला अंथरुणात ऐकू यायचं. पार बारीक झालं की मी कूस बदलायचो. एकदा चहा पिताना मी त्याला म्हणालोसुद्धा, की या फोनचा स्पीकर भिकार आहे, आवाज फाटतो. त्यानं फोन उलटापालटा करून बघितला आणि म्हणाला, "फाटंना का. वाघाला कुठं गाणं समजतं?"

एक महिना झाला. नवीन पेटी आली नाही. पुढच्या महिन्यात येणार अशी बातमी आली. मी ती दादाला वाचून दाखवली.

मग एक दिवस लोणीकडचं एक गिऱ्हाईक सांगत आलं, की काही गावांत आता खांबावर कॅमेरे बसवतात. बिबट्या दिसला की ते आपसूक ओळखतात आणि भोंगा वाजवतात. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्या संध्याकाळी जेवताना मी अर्धा तास बोलत होतो. त्या कॅमेऱ्याला आधी हजारो फोटो दाखवून कसं शिकवतात, कुत्र्यात आणि बिबट्यात तो फरक कसा करतो, अंधारात कसं बघतो. दादा मन लावून ऐकत होता. वहिनीनं माझ्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, "ते समदं खरं भाऊजी. पण आपली मोटार कवा चालू व्हायची?"

"होईल की," मी म्हणालो.

त्या आठवड्यात लाईट पहाटे पाचला होती आणि कांद्याला पाणी द्यायचं होतं. सात वाजून गेले तरी दादा आला नाही. कांद्याच्या वाफ्यांत पाणी वळवत, दारं धरत बसला असेल, असं मी म्हणालो. वहिनीनं फोन लावला, नुसती रिंग गेली. तिनं तीनदा लावला. मग मी आणि शेजारचे दोघं निघालो.

मोटार चालू होती. म्हणजे दादा विहिरीपर्यंत नीट पोचला होता, वाकून स्टार्टर दाबला होता आणि कांद्याकडं निघाला होता. पाणी पाट फोडून वाटेवर आलं होतं आणि आमचे पाय त्यात रुतत होते. तो उसाच्या दुसऱ्या सरीत सापडला. याहून जास्त मी लिहिणार नाही.

पुढं जे होतं ते सगळं झालं. गाव हायवेवर बसलं. पिंजरे आले. एक मादी सापडली, तीच होती का कुणाला ठाऊक. घरी येणारं जो-तो बिबट्याला बोल लावत होता, कुणी उसाला, कुणी लाईटच्या पाळीला. त्यातलं काहीच खोटं नव्हतं, म्हणून मी मान हलवत होतो. कुणी सिमकार्डाचं नाव काढलं नाही. ते ठाऊक असणारी माणसं आता दोनच होती, मी आणि वहिनी.

तेरावं झाल्यावर मी खणातलं जुन्या कंपनीचं एक कार्ड चालू केलं आणि पेटीत घातलं. शिवारात जायला कुणी उरलं नव्हतं, पण कांदे उभे होते. खरं तर दहा मिनिटंही लागली नाहीत. फोन लावला, आकडा दाबला, बाई म्हणाली, "मोटर चालू झाली आहे." मी विहिरीच्या काठावर खाली बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. रडून काही हलकं झालं नाही. उलट, किती सोपं होतं हे तेवढं नक्की झालं.

ग्रुपवर अजून बातम्या येतात. ती फोर-जीची पेटी शेवटी बाजारात आली, तिचा फोटोही एकानं टाकला आणि मला खास विचारलं, "काय मत, भाऊ?" मी बघून ठेवलं, लिहिलं काही नाही. लोकांना वाटतं मी दुःखात आहे. दुःख आहेच, पण मत द्यायची मला भीती वाटते हे त्यांना कसं सांगू? एखादं मत दिलं की ते कुणाच्या तरी शेतापर्यंत चालत जाईल असं वाटतं. दुकानात माणसं विचारतात, हा फोन घेऊ की तो. मी म्हणतो, तुम्हाला आवडेल तो घ्या. त्यांना ते तुटक वाटतं. गिऱ्हाईक कमी झालंय. मला त्याचं काही वाटत नाही, आणि पुढं कधी वाटेल असंही वाटत नाही.

वनखात्याचा मदतीचा अर्ज ऑनलाईन होता. तालुक्यातले असे अर्ज माझ्याच दुकानात भरले जातात, मग आमचा दुसरीकडं कुठं जाणार? वहिनी एस.टी.नं नारायणगावला आली. गिऱ्हाईक बसतं त्या स्टुलावर बसली, पदर नीट घेतला, पिशवीतून आधार कार्ड आणि दादाचा मृत्यूचा दाखला काढून माझ्यापुढं ठेवला. मी एकेक रकाना वाचत गेलो आणि ती उत्तरं देत गेली. नाव. वय. गट नंबर. मृताशी नातं. ती प्रत्येक उत्तर असं सांगत होती, जसं काही मी परका कारकून आहे आणि मला यातलं काहीच माहीत नाही.

मग पुढचा रकाना आला. घटनेच्या वेळी सदर ठिकाणी असण्याचं कारण.

वहिनी जराही थांबली नाही. आवाज चढवला नाही, माझ्याकडं रोखून बघितलं नाही. म्हणाली, "लिवा, मोटार फोनवर चालू व्हत नव्हती, म्हणून चालत गेलते."

माझी बोटं तालुक्यात सगळ्यांत वेगानं चालतात असं लोक म्हणतात. ती कळफलकावर तशीच पडून राहिली. त्या रकान्याखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, की पाचशे अक्षरांपर्यंत मजकूर चालेल. वहिनीचं वाक्य पन्नासही भरलं नसतं.

"एवढं मोठं बसत नाही त्या चौकटीत, वहिनी," मी म्हणालो, आणि 'शेतीकामासाठी' एवढंच लिहिलं.

तिनं पडद्याकडं बघितलं नाही. दाखला घडी घालून पिशवीत ठेवला.

"बरं," ती म्हणाली. "तुमाला कळतं त्यातलं."